ससा घरी आणायचा तर आधी वैशाखाची सोय बघा

नमस्कार श्रोतेहो.

प्राण्यांच्या आश्रयस्थानात पाऊल टाकलं की आधी कुत्री भुंकतात, मांजरं पायात घोटाळतात, दावणीची एखादी जखमी गाय मान वळवून बघते. ससा मात्र आवाजच करत नाही. कोपऱ्यातल्या जाळीमागे अंग चोरून बसलेला असतो. म्हणून त्याच्याकडे सगळ्यांत शेवटी लक्ष जातं आणि त्याला घरी नेणारी माणसंही सगळ्यांत उशिरा भेटतात. आश्रयस्थानात मदतीला जाणारी बाई म्हणून आज मी त्याच्याबद्दल बोलणार आहे.

हे ससे तिथे येतात कुठून? बहुतेक आपल्याच घरांतून. जत्रेत, आठवडे बाजारात किंवा एखाद्या दुकानात पांढरंशुभ्र पिल्लू दिसतं, लेकरू हट्ट धरतं, आणि तळहातावर मावणारा जीव पिशवीतून घरी येतो. दोन-तीन महिन्यांत तो मोठा होतो, मोबाइलच्या चार्जरची वायर कुरतडतो, कोपऱ्यात लघवी करतो. लेकराचा उत्साह तोवर ओसरलेला असतो. मग कोणी त्याला आश्रयस्थानात आणून देतं, तर कोणी ‘मोकळा राहील बिचारा’ म्हणून कपाशीच्या शेतात सोडून येतं. श्रोतेहो, पाळीव सशाला रानात जगता येत नाही. त्याचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे. आपल्याकडचं ऊन, कुत्री, मुंगूस यांच्याशी झुंजायचं बळ त्याच्यात नाही. पांढरा रंग तर काळ्या जमिनीवर लांबूनच दिसतो. उपाशी-तहानलेला राहील अशा स्थितीत जनावर टाकून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे.

म्हणून आश्रयस्थानातून ससा घरी आणणाऱ्यांचं मला फार कौतुक वाटतं. फक्त आणण्याआधी घरच्या सगळ्यांनी एकत्र बसून बोलावं. नीट सांभाळलेला ससा आठ ते बारा वर्षं जगतो. आज चौथीत असलेली मुलगी तोवर कॉलेजला गेलेली असेल, कदाचित पुण्याला. तेव्हा त्याचं गवत-पाणी बघायचं कोणी? ती जबाबदारी मोठ्या माणसाने आपल्या अंगावर घ्यायची तयारी असेल, तरच पुढचं बोलण्यात अर्थ आहे.

आता खानदेशातला सगळ्यांत मोठा प्रश्न. ऊन.

जळगाव-भुसावळचा मे महिना तुम्हाला मी काय सांगावा! पारा 45 च्या वर जातो, केळीची पानं करपतात, दुपारी रस्ते ओस पडतात. सशाला साधारण 15 ते 22 अंशांत बरं वाटतं, 30 च्या पुढे त्रास सुरू होतो. त्याला घाम जवळजवळ येतच नाही. अंगातली उष्णता तो बाहेर टाकतो ती मुख्यतः त्या लांब कानांतून. बाहेरची हवाच अंगापेक्षा गरम झाली, की कान तरी काय करणार? आपल्याकडे उन्हाळ्यात दगावणाऱ्या सशांना बऱ्याचदा दुसरा कुठला रोग नसतोच. पिंजरा गच्चीवर किंवा पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेला असतो, एवढंच कारण पुरतं.

तेव्हा ससा आणण्याआधी आपल्या घरातली सगळ्यांत थंड जागा शोधा. जुन्या धाब्याच्या घरात ती सहज सापडते, कारण जाड मातीच्या भिंती दुपारीही तापत नाहीत. सिमेंटच्या घरात खालच्या मजल्यावरची, उत्तरेकडची खोली बघा. वर पत्रेच असतील आणि कूलर-पंख्याचीही सोय नसेल, तर मी हात जोडून सांगते, ससा आणू नका. पंखा असला तरी तेवढ्यावर विसंबू नका, कारण घाम नसलेल्या अंगाला नुसत्या वाऱ्याने फारसा गारवा मिळत नाही. कूलर खोलीत जरूर चालवा, पण त्याचा ओला झोत थेट सशाच्या अंगावर नको आणि खिडकी थोडी उघडी असू द्या, नाहीतर कोंदट दमट हवेने त्याची छाती भरते. बसायला शहाबादी फरशीचा तुकडा द्या. पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवून, सुती फडक्यात गुंडाळून त्याच्याजवळ ठेवा. तो आपणहून तिला टेकून बसतो. पाणी जड मातीच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात असावं, म्हणजे सांडत नाही आणि गारही राहतं.

आणि उन्हाची बाधा ओळखायला शिका. कान लालभडक आणि गरम लागतात, नाकपुड्या भराभर हलतात, तोंडाभोवती लाळेने ओलं होतं, अंग सैल पडतं. ससा एरवी नाकानेच श्वास घेतो. तो तोंड उघडून धापा टाकू लागला, तर एक मिनिटही दवडू नका. माठातल्या पाण्याने त्याचे कान ओले करा, गार जागी न्या आणि थेट डॉक्टरकडे निघा. त्याला बादलीत बुडवणं किंवा अंगावर बर्फाचं पाणी ओतणं हे मात्र कधीच करू नका, त्या धक्क्यानेच तो जाऊ शकतो.

दुसरी गोष्ट खाण्याची. आश्रयस्थानात येणाऱ्या आजीबाई हमखास विचारतात, “याले भाकर देऊ का?” माया खरी असते, पण भाकरी, पोळी, बिस्किट, भात, डाळ यांतलं काहीही सशाला नको. त्याचं खरं अन्न म्हणजे वाळलेलं गवत. रोजच्या खाण्यात निम्म्याहून कितीतरी जास्त वाटा त्याचाच हवा. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात, आणि गवत चावून चावूनच ते झिजतात. गवत कमी पडलं की दात वाकडे वाढून गालात, जिभेत रुततात, मग भूक असूनही त्याला खाता येत नाही. आपल्याकडे मारवेलसारखं चांगलं वाळलेलं गवत मिळतं. ते बुरशी न लागलेलं, धूळ झटकलेलं असावं. जोडीला ताजी हरळी, कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला. गाजर गोड असतं, म्हणून एखादी चकतीच. केळीचंही तसंच. रावेर-यावलच्या घरात केळ्यांना काय तोटा, पण सशाला नखाएवढा तुकडा पुरे. कांदा, लसूण, बटाट्याचा पाला आणि सरकी त्याच्या जवळपासही नको. बांधावरचं हिरवं गवत आणताना शेजारच्या कपाशीवर फवारणी झाली आहे का, हे आधी विचारा. एवढी एक चौकशी चुकली तर सगळी मेहनत मातीत जाते.

ससा बरा आहे की नाही, हे त्याच्या लेंड्यांवरून कळतं. हरभऱ्याएवढ्या, गोल, कोरड्या, हातात चुरगळल्या तर आत नुसता गवताचा चुरा दिसणाऱ्या, आणि रोज भरपूर. त्या बारीक झाल्या, एकमेकींना केसांनी जोडलेल्या पडू लागल्या किंवा बंद झाल्या, तर आतडं मंदावलं असं समजा. सशाला उलटी करता येत नाही. बारा तास त्याने काही खाल्लं नाही आणि लेंडीही टाकली नाही, तर वाट न बघता लगेच डॉक्टरकडे न्या. मऊ, द्राक्षाच्या घोसासारखी एक वेगळी विष्ठा तो थेट अंगातून तोंड लावून खातो, त्याची किळस करू नका. त्यातूनच त्याला जीवनसत्त्वं मिळतात.

आता आश्रयस्थानात गेल्यावर काय बघायचं? लहान पिल्लाचा हट्ट सोडा, मोठा ससा मागा, असं मी आवर्जून सांगेन. मोठ्याचा स्वभाव कळलेला असतो. तो माणसांत रमतो की बुजतो, हे तिथली माणसं खरं खरं सांगतात. नर-मादीची खात्री करून घ्या. ससे चार महिन्यांच्या आसपास वयात येतात, मादी महिनाभरात विते आणि व्याल्यानंतर लगेच पुन्हा गाभण राहू शकते. ‘दोन्ही माद्याच आहेत’ म्हणून नेलेल्या जोडीची पुढे डझनभर पिल्लं होतात आणि ती पुन्हा आश्रयस्थानाच्याच दारात येतात. नसबंदी झालेला ससा मिळाला तर उत्तम. मादीची नसबंदी केली नाही तर वय वाढेल तसा गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका फार वाढतो. एकमेकांना सरावलेली जोडी असेल तर ती तोडू नका, दोघंही न्या. सशाला सोबत लागतेच.

पायांचे तळवे उलटून बघा. तारेच्या जाळीवर राहिलेल्या सशाच्या तळव्यांचे केस जाऊन लालबुंद जखमा झालेल्या असतात. असा ससा नेऊ नका असं मी म्हणणार नाही. उलट त्यालाच घराची जास्त गरज असते. फक्त आपल्याकडे त्याच्या पायाखाली फळी आणि गवताचा जाड थर ठेवायचा. तिथली माणसं तुमचं ओळखपत्र मागतील, घर कसं आहे विचारतील, कदाचित बघायलाही येतील. राग मानू नका. मुलगी देताना आपण जेवढी चौकशी करतो, त्याच्या निम्मीही ती नसते.

त्याला कानांना धरून कधीही उचलू नका, मुलांनाही तसं करू देऊ नका. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. घाबरून त्याने लाथ झाडली आणि मागचं अंग अधांतरी असेल, तर त्याच्याच ताकदीने त्याचा कणा मोडतो. सशांवर उपचार करणारे डॉक्टर आपल्या भागात थोडे आहेत. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशी-शेळ्यांची गर्दी असते. म्हणून ससा आणण्याआधीच डॉक्टर शोधून ठेवा. आणि घरगुती डॉक्टरकी बिलकुल नको. माणसांना चालणारं अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक सशाच्या पोटात गेलं तर जीव घेतं. कुत्र्याच्या गोचिडांसाठी वापरतात ते फिप्रोनिलचे थेंबही तसेच.

शेतकरी बंधूंना एक वेगळी विनंती. कापणीच्या वेळी गवतात रानसशाचं पिल्लू दिसतं, डोळे उघडे, अंगावर केस, एकटंच बसलेलं. ते पोरकं नसतं. रानसशीण पिल्लाला दिवसभर तसंच ठेवते आणि अंधार पडला की येऊन दूध पाजून जाते. ते जागच्या जागी राहू द्या, कुत्रं लांब ठेवा. रानसशाला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, तो घरी पाळता येत नाही.

मग पाळीव ससा आणायचा कधी? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, घर भरलेलं असतं, मुलं मागे लागतात. पण तो ऐन वैशाख, तेव्हा नको. दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने ससा थरथरतो, तेव्हाही नको. तुळशीचं लग्न झालं, थंडी पडली, की जा. म्हणजे उन्हाळ्यापर्यंत त्याला तुमचं घर आणि तुम्हाला त्याच्या सवयी कळायला चार महिने मिळतात. न्यायला भोकं पाडलेला मजबूत खोका घ्या आणि त्यात आश्रयस्थानातलंच थोडं गवत टाकून आणा, ओळखीच्या वासाने तो कमी घाबरतो. पहिले काही दिवस शेजाऱ्यांना बघायला बोलावू नका. तुम्ही जमिनीवर बसा, तो जवळ येईल तेव्हा येईल. दुसऱ्या दिवशी सकाळी आधी गवत किती संपलं आणि लेंड्या किती पडल्या ते बघा. गवत तसंच असेल तर डॉक्टरला फोन लावा. आणि काही कारणाने सांभाळणं जमलंच नाही, तर संकोच न करता त्याला त्याच आश्रयस्थानात परत नेऊन द्या. तिथे त्याला कोणी नाही म्हणणार नाही, तुम्हालाही कोणी बोल लावणार नाही.

नमस्कार.