रोबो: वेठीतून आलेला शब्द

श्रोतेहो, नमस्कार. मोटारीच्या सांगाड्याला वेल्डिंग करणारा यांत्रिक हात असो, नाहीतर फरशी झाडत फिरणारी तबकडी असो, दोघांनाही आपण सहज ‘रोबो’ म्हणतो. मूळ शब्द ‘रोबॉट’. तो कुणा इंजिनिअरने घडवलेला नाही, तो सुचला एका चित्रकाराला.

१९२० मध्ये प्रसिद्ध झालेलं कारेल चापेक यांचं चेक नाटक, ‘आर. यू. आर.’ कृत्रिम कामगार घाऊक बनवणाऱ्या कारखान्याची ही कथा. त्या कामगारांना म्हणायचं काय, हे लेखकाला सुचेना. लॅटिनवरून घेतलेलं ‘लाबोरी’ फार पुस्तकी वाटत होतं. थोरले बंधू योसेफ चित्र रंगवत होते. तोंडात कुंचला तसाच धरून ते पुटपुटले, मग रोबॉट म्हण. ही हकीकत कारेल यांनीच पुढे १९३३ मध्ये वर्तमानपत्रात लिहिली आणि शब्दाचं श्रेय भावाला दिलं. मला हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो.

योसेफना तो शब्द सुचला ‘रोबोटा’वरून. रोबोटा म्हणजे वेठ. बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक देशातल्या, कुळांनी जमीनदाराच्या शेतावर फुकट राबायचं, स्वतःची शेती उरलेल्या वेळात बघायची. १७७५ च्या फर्मानाने या वेठीला मर्यादा घातली, तरी ती आठवड्याला तीन दिवसांपर्यंत असू शकत होती! म्हणजे जवळजवळ अर्धा आठवडा दुसऱ्याचा. १८४८ मध्ये ही पद्धत कायद्याने संपली. १९२१ च्या जानेवारीत प्रागमध्ये नाटक पाहणाऱ्या अनेकांच्या आज्या-पणज्यांनी ती वेठ भोगलेली असणार. त्यांना हा शब्द समजावून सांगायची गरजच नव्हती.

आणि हे रोबॉट लोखंडाचे नव्हतेच. रासायनिक लगद्यापासून केलेले ते मांसाचे जीव होते, दिसायला हुबेहूब माणसं. त्यांच्या नसा आणि शिरा गिरणीत सुतासारख्या कातल्या जात. त्यांना दुखत नसे, त्यामुळे काम करताना ते स्वतःलाच इजा करून घेत. ते नुकसान टाळायला कारखान्यातला शास्त्रज्ञ त्यांना वेदना द्यायच्या प्रयोगाला लागतो. दयेपोटी नव्हे, उत्पादनासाठी. अख्ख्या नाटकात मला सगळ्यात जास्त हादरवते ती हीच जागा. पुढे हेच रोबॉट बंड करून उठतात.

धातूचं अंग या शब्दाला नंतर चढलं. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या मोटार कारखान्यात ‘युनिमेट’ हा यांत्रिक हात तापलेले ओतीव भाग उचलायला लागला, तेव्हा त्यालाही तेच नाव मिळालं.