टॉवेलचे लूप आणि नॅनोच्या नळ्या

हा खटखटाट ओळखला असेलच. सोलापूरचा पूर्व भाग, सकाळची वेळ, माग चालू. टेरी टॉवेल निघतोय, कॅमेरा मुद्दाम एकदम जवळ नेलाय, हे उभे लूप बघा. डोळे मिटून नुसता हात फिरवला तरी चादर कुठली नि टॉवेल कुठला ते आपल्याला कळतं. पेशीला कळतं का? याच मागावर ज्यांचं घर चाललं त्यांची मुलगी सध्या हेच शोधतेय, पीएचडीसाठी.

तिच्या चिमट्यात टायटॅनियमचा पत्रा आहे, नखाएवढा. प्लॅस्टिकच्या बीकरमध्ये इथिलीन ग्लायकॉल, त्यात चिमूटभर अमोनियम फ्लोराइड, जरासं पाणी, पत्रा पॉझिटिव्हला जोडायचा आणि सप्लाय चालू. हळूहळू चकाकी जाते, बाकी काही झालंय असं वाटतच नाही, पण तिथं उभ्या नळ्यांचं रान उगवलेलं असतं, टॉवेलच्या लूपसारखंच दाट. नळीचं तोंड किती रुंद ते व्होल्टेजवर, १०० नॅनोमीटर म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण आठशेवा भाग.

यावर हाडाच्या पेशी सोडून ३७ डिग्रीला दोन दिवस ठेवतात. त्या खोलीत आम्हाला जाऊ दिलं नाही, त्यामुळे हे काचेतूनच.

पुढचं मात्र सगळं आहे, अख्खी संध्याकाळ शूट केलंय! प्रकाशाच्या मायक्रोस्कोपला २०० नॅनोमीटरच्या खालचं धड दिसत नाही, म्हणून इलेक्ट्रॉनचा लागतो, आणि त्याच्या आत व्हॅक्यूम, म्हणजे ओली पेशी चालत नाही, आणि नुसती वाळवली तर चपटी होऊन बसते. मग आधी अडीच टक्के ग्लुटराल्डिहाइडमध्ये ती आहे तशी घट्ट करायची, मग अल्कोहोल, ३०, ५०, ७०, ९०, १०० टक्के, पायरी पायरीने पाणी काढायचं. शेवटी खरं तर कार्बन डायऑक्साइडचं मशीन हवं, ३१ डिग्री आणि ७३ पट हवेच्या दाबाच्या वर न्यायचं, म्हणजे थेंब न होताच वाळतं. (मे महिन्यात आमच्याकडे ३१ डिग्री म्हणजे थंडीच.) ते मशीन इथं नाही, म्हणून एचएमडीएस, आपोआप उडून जाणारं एक द्रव, झाकण अर्धवट उघडं ठेवून रात्रभर.

आणि मायक्रोस्कोपचा स्लॉट पुण्यात. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस, मांडीवर डबा, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि चार स्टब, म्हणजे ज्यांवर नमुने चिकटवलेत त्या धातूच्या छोट्या चकत्या. शेजारच्या काकू विचारतात, "शेंगाचटणी का गं?"

पुण्यात सोन्याचा पातळ थर चढला आणि हे बघा.

...

पेशीच्या कडेने बोटं निघालीत, फिलोपोडिया म्हणतात, एक बोट नळीच्या काठावर टेकलंय. पेशीची पकड घेणारी प्रथिनं, इंटेग्रिन, त्यांचं डोकं १० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणून नळीचं माप महत्त्वाचं. २००७ ला जर्मनीत एर्लांगेनच्या गटाला १५ नॅनोमीटरवर पकड सगळ्यात चांगली आणि १००वर पेशी मरताना दिसल्या, तर २००९ ला सॅन दिएगोवाल्यांना ७० ते १००वर पेशी लांबट होऊन हाडाकडे वळताना दिसल्या. भांडण मिटलेलं नाही. उद्या खुब्याचे, दातांचे इम्प्लांट यावर ठरतील, ते आहेच.

चौथ्या स्टबवर पेशीच नाही, धुताना निघून गेली. ती वहीत फुली मारते. पुढचा स्लॉट तीन आठवड्यांनी.