तुटलेली कड ओळखणारे प्रतिपिंड

श्रोतेहो, बेळगावच्या टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या आवारात सकाळी फिरायला जाणाऱ्यांपैकी किती जणांच्या मनात येत असेल, की येथे एके काळी देवीची लस तयार होत असे? लस टोचल्यावर शरीर ज्या अँटिबॉडीज, म्हणजे प्रतिपिंडे, घडवते, त्याच जातीच्या रेणूंना प्रयोगशाळेत मरणाऱ्या पेशीतले ‘कॅस्पेज-३’ हे प्रथिन शोधण्याच्या कामाला कसे जुंपतात, हे आज सांगायचे आहे.

भाजल्याने किंवा चेंगरल्याने मरणारी पेशी फुटते आणि आसपास दाह निर्माण करते. पण शरीरात रोज कितीतरी पेशी स्वतःला आवरून, आक्रसून, शेजारच्या पेशींना उपद्रव न देता संपतात. केर, वायली आणि करी या शास्त्रज्ञांनी १९७२ साली या मरणाला ‘अपॉप्टोसिस’ असे ग्रीक नाव दिले. मूळ अर्थ पाने गळून पडणे. म्हणजे आपला ‘पानगळ’ हा शब्द अगदी चपखल ठरला असता.

कॅस्पेज-३ हे या मरणातले मुख्य हत्यार आहे, परंतु ते निरोगी पेशीतही असते, सुमारे ३२ किलोडाल्टन (रेणूंचे वजन मोजण्याचे एकक) वजनाच्या अखंड, निष्क्रिय साखळीच्या रूपात. मरणाचा संदेश आला, की साखळीतला १७५वा दुवा असलेल्या अ‍ॅस्पार्टिक आम्लानंतर ती कापली जाते आणि सुमारे १७ व १२ किलोडाल्टनच्या तुकड्यांपासून सक्रिय कात्री तयार होते. म्हणूनच कॅस्पेज-३ नुसते सापडले, एवढ्यावरून पेशी मरते आहे असे म्हणता येत नाही. त्यासाठी कापल्यानंतरच उघडी पडणारी कड ओळखणारे प्रतिपिंड हवे. त्या कडेसारखा छोटा पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाच्या साखळीचा आखूड तुकडा, मोठ्या वाहक प्रथिनाला जोडून सशाला टोचतात आणि मिळालेल्या प्रतिपिंडांतून अखंड साखळीलाही चिकटणारी वगळतात.

उद्यमबागेतल्या कारखान्यांत काम केलेल्यांना गेज म्हणजे काय, हे सांगायला नको. भोक बरोबर आहे की नाही ते गेज सांगते. पण गेजच झिजलेले असेल, तर चांगला माल बाद होतो आणि वाईट माल पास होतो. प्रतिपिंडाचेही तसेच आहे, आणि पेटीवर छापलेले नाव हा काही पुरावा नव्हे.

वेस्टर्न ब्लॉट या चाचणीत प्रथिने वजनानुसार वेगळी करून पडद्यावर उतरवतात, मोकळ्या जागा बहुधा दुधाच्या भुकटीच्या द्रावणाने झाकतात आणि मग प्रतिपिंड सोडतात; ते जिथे चिकटते तिथे पट्टा उमटतो. स्टॉरोस्पोरिन हे पेशींना अपॉप्टोसिसकडे ढकलणारे रसायन दिलेल्या जुर्काट पेशींत (प्रयोगशाळेत वाढवलेल्या रक्तकर्करोगाच्या पेशींत) १७ किलोडाल्टनपाशी पट्टा उमटला, तर परीक्षेचा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा, आणि माझ्या मते अधिक मोलाचा, एमसीएफ-७ या स्तनकर्करोगाच्या पेशींकडे आहे. त्यांच्या कॅस्पेज-३ जनुकातला ४७ अक्षरांचा तुकडा गहाळ असल्यामुळे त्यांच्यात हे प्रथिन तयारच होत नाही. त्याचे जवळचे भावंड कॅस्पेज-७ मात्र असते. त्या पेशींना मारूनही पडद्यावरच्या त्यांच्या रकान्यात पट्टा दिसला, तर आपले प्रतिपिंड भावंडाला किंवा आणखी कशाला तरी धरते आहे, असे समजावे. हा रिकामा रकाना दिसायला निरस असतो, म्हणून चित्र छापताना तो कापून टाकण्याचा मोह होतो. संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांना माझे सांगणे इतकेच, की तो छापा आणि पट्ट्याच्या शेजारीच छापा.