नांगे भरायचे राहिले का?

नमस्कार मंडळी. जेवणं झाली असतील, भांडी पडली असतील, पडू द्या. आज वाकळीवर बोलायचंय. वाकळ म्हणजे गोधडी, जास्त सांगत बसत नाही, आपण सगळे तिच्यातच वाढलोत. पण अमेरिकेत तिला क्विल्ट म्हणतात आणि त्यात आता मॉडर्न क्विल्ट म्हणून एक नवा प्रकार निघालाय, २००९ ला लॉस एंजेलिसमधे त्यांनी मॉडर्न क्विल्ट गिल्ड म्हणजे संघटना काढली आणि २०१३ ला टेक्सासात ऑस्टिनला पहिलं क्विल्टकॉन भरलं. जत्राच म्हणा की, फक्त रेवड्या नाहीत.

मॉडर्न म्हणजे काय, तर एकरंगी कापड जास्त, तुकडे मुद्दाम वाकडेतिकडे, आणि मोठ्ठी रिकामी जागा सोडायची. रिकामी जागा, हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे. आणि ह्या लोकांना ज्यांचं लै कौतुक त्या कोण, तर अलाबामातल्या जीज बेंड नावाच्या खेड्यातल्या कृष्णवर्णीय बाया, ज्यांनी रानात घालायच्या जुन्या कपड्यांच्या वाकळी थंडीसाठी शिवल्या, त्याच वाकळी २००२ ला न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममधे भिंतीवर लागल्या आणि २००६ ला अमेरिकेच्या पोस्टाच्या तिकिटावर आल्या. आपल्याकडं मात्र पाव्हण्यासमोर वाकळ लपवायची आणि बाजारातलं ते वाघाचं चित्र असलेलं ब्लँकेट काढायचं, ज्याच्यात घाम जिरत नाही आणि अंधारात ठिणग्या उडतात. माझा त्या वाघावर राग आहे, असो.

तर मी पण व्हिडिओ बघून बघून एक मॉडर्न क्विल्ट शिवायला घेतलं. पिझ्झा कापायचं चाक असतं ना तसला कटर मागवला, पाव इंचाची शिवण मारायला शिकले, आणि रंग कोणता निवडला तर पांढरा. लातूरची बाई मी, ज्या गावाला २०१६ ला रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या गावची, आणि अंथरूण पांढरं! त्या पांढऱ्यावर एका कोपऱ्यात तीन वाकडे निळे चौकोन, एक पिवळा, बाकी सगळं रिकामं. खाली अस्तर, मधी कापूस, आणि घेतलं मशीनवर, कडेपासून. आपल्या आया कडेपासूनच शिवत आल्यात ना, चौकोनात चौकोन फिरत मधी जायचं. मधी पोचले तर सगळं कापड तिथं गोळा, भाकरीचा पापुद्रा फुगावा तसं.

तेच घेऊन औशाकडं मोठ्या मावशीकडं गेले. मावशीनं ओसरीत पसरलं, त्या फुगलेल्या जागेवर हात ठेवला आणि म्हणली, "हे काय करूलालीस गं? ह्याच्यात कोण झोपलंय का?"

तेवढ्यात शेजारच्या तिघी आल्या. त्यातली एक बराच वेळ त्या पांढऱ्याकडं बघत होती, शेवटी म्हणली, "उगवण कमी झाली वाटतं. नांगे भरायचे राहिले का?" नांगे म्हणजे रानात पेरलेलं उगवलं नाही ती मोकळी जागा, तिथं परत बी टाकायचं. मी समजावून सांगितलं की ती जागा मुद्दाम सोडलीय, तिथं नजर थांबते, तिकडं त्याचंच कौतुक आहे. ती म्हणली, "आमच्या पण रानात लै जागा सोडलीय पावसानं, कोणी कौतुकाला येईना." आणि लगेच तिच्या बोचक्यातनं हिरवं ठिगळ निघालं सुद्धा! मावशीनं अडवलं. म्हणली राहू दे, तिचं रान हाय.

मग चौघींनी सगळं उसवलं, अख्खी दुपार. चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले, कापड ताणलं, चौघी चार बाजूंनी बसल्या, धावदोरा, आणि घरात दोरा होता फक्त लाल. माझ्या पोटात गोळा आला, पण रिकाम्या पांढऱ्यावर ते लाल टाके असे उठून दिसायला लागले की मी गप्प बसले. एकीचे टाके करंगळीएवढे लांब, मावशी तिची नजर चुकवून उसवायची आणि ती परत घालायची.

दिवेलागणीला झालं आणि सुया मोजल्या तर तीनच. चार आणल्या होत्या. आता वाकळीत सुई राहिली म्हणजे तुम्हाला ठाऊकच आहे, कोणी अंग टाकणार नाही तिच्यावर. सगळ्यांचा संशय त्या लांब टाक्यावालीवर, ती रडायला आलेली. मग मावशीच्या नातवानं बंद पडलेल्या रेडिओचा स्पीकर फोडला, आतला लोहचुंबक काढला आणि वाकळीवर फिरवायला लागला, इंच इंच. काहीच नाही. उलटी करून फिरवला, काहीच नाही.

सुई कुठं होती ते सांगते, आधी कामाचं, नाहीतर राहून जाईल. मशीनवर शिवणार असाल तर मधून कडेकडं जायचं, म्हणजे फुगा बाहेर निघतो. हातानं शिवणार असाल तर कडेपासून मधी चालतं, कारण कापड जमिनीवर ताणलेलं असतं आणि हात त्याला सारखं सपाट करत असतो, मशीन मात्र वरचं कापड पुढं ढकलत राहते. परत सांगते, मशीनवर मधून कडेला, हातानं कडेपासून मधी. मशीनवर घ्यायच्या आधी मुठीएवढ्या अंतरावर सेफ्टी पिना लावा. लाल कापड आधी धुऊन घ्या, रंग जातो. आणि सुतीच घ्या हो, जुनी चादर, शर्ट, धोतर, कारण सुती लुगडी आता फारशी मिळत नाहीत आणि ह्या सिंथेटिक साड्या सुईखाली नुसत्या घसरतात.

हां, सुई. पोरगं कंटाळलं आणि चुंबक घेऊन आजीच्या अंगाशी खेळायला लागलं, खांद्यापाशी टिक्क आवाज झाला. मावशीच्याच पदराला टोचलेली. मावशी काय म्हणली असंल? म्हणली, "मेल्या, माझा रेडिओ फोडलास की रे!"