तिसऱ्या मालकाची गाडी

(उद्यमबाग, बेळगाव. सकाळ. पत्र्याच्या शेडवर पाऊस.)

रात्री दारात लावली तेव्हा गाडी सरळ उभी होती. सकाळी बघतात तर पुढचा डावा कोपरा खाली टेकलेला. ‘बसलीया की हो मामा,’ मालकांनी फोनवर एवढंच सांगितलं. गॅरेजवाल्या मामांना तेवढं पुरलं.

पंधरा वर्षांची जर्मन सेडान, हे तिचे तिसरे मालक. हिला लोखंडी स्प्रिंगा नाहीत. चारी चाकांवर हवा भरलेले रबरी बेलो, म्हणजे घड्यांच्या पिशव्या. मामा मगात साबणाचं पाणी कालवतात, दाढीच्या ब्रशनं बेलोच्या घडीवर लावतात आणि गप्प बसून राहतात. घडीत एक बुडबुडा फुगतो. फुटतो. परत त्याच जागी फुगतो.

‘हितं हाय बघा.’

रबर घडीतच चिरतं. हवा गळते, ती भरून काढायला कॉम्प्रेसर सारखा चालतो. तो थोडा वेळ चालून थांबण्यासाठी केलेला. सतत चालला की तापतो आणि जळतो. मग लोक आधी कॉम्प्रेसर बदलतात, चीर तशीच ठेवून. चार महिन्यांत दुसराही जातो. मामा सगळ्यात जास्त वैतागतात ते यावर.

(चोर्ला घाट. धुकं, ओला रस्ता, वळणावर ट्रक.)

पण याच महागड्या जातीच्या गाड्यांतून आलेल्या एका गोष्टीला मामा कधी नावं ठेवत नाहीत. १९७८ साली मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये बॉशचं एबीएस आलं, तेही जादा पैसे मोजणाऱ्याला. ब्रेक दाबल्यावर चाक जाम व्हायला लागलं की ही यंत्रणा सेकंदात अनेकदा दाब सोडते आणि धरते, म्हणून स्टिअरिंग हातात राहतं. आपल्याकडे नव्या मोटारींना ते सक्तीचं झालं २०१९ साली. आज खानापूरच्या चिखलातून आलेल्या साध्या हॅचबॅकचा चाकाजवळचा एबीएस सेन्सरही मामा फडक्यानं पुसतात, समोरचा इशाऱ्याचा दिवा विझतो, काम झालं. चाळीस वर्षं घासून निघालेली वस्तू अशी असते.

टिकाऊपणाचं नाव निघालं की टोयोटाची लेक्सस आठवते. १९८९ ची एलएस ४००, तिच्यासाठी साडेचारशेच्या आसपास नमुना-गाड्या बनवल्या होत्या. तरी बाजारात आल्यावर काही महिन्यांतच ब्रेक-लाइट आणि क्रूझ कंट्रोलमध्ये (वेग आपोआप राखणारी सोय) दोष निघाले. कंपनीनं सुमारे आठ हजार गाड्या परत बोलावल्या. कित्येकांच्या तर घरून नेल्या आणि धुऊन, टाकी भरून परत आणून दिल्या. आमच्या तिसऱ्या मालकाच्या दारात कोण येणार? मामाच.

(संध्याकाळ. शेडमध्ये एकच बल्ब.)

नवा बेलो बसला. इंजिन सुरू होतं, कॉम्प्रेसर घुरघुरतो आणि गाडी बसलेल्या म्हशीसारखी सावकाश उठते. मालक चावीसाठी हात पुढे करतात. मामा देत नाहीत. टायर आणि मडगार्डच्या मध्ये आडवी बोटं लावून मोजतात. चार.

‘रातभर हितंच ऱ्हाऊ दे. सकाळी परत मोजतो.’