उन्हाची कणगी

नमस्कार श्रोतेहो.

आटपाडीकडं आमचा मळा. आठवड्यातले काही दिवस मोटरीची लाईट रात्रीची असायची. वडील बॅटरी आणि काठी घेऊन बारा-एकला विहिरीवर जायचे, आणि ते परत येईपर्यंत आई अंथरुणात बसून राहायची. दिवसभर डोक्यावर आग ओतणारं ऊन, आणि पिकाला पाणी मात्र साप-विंचवाच्या वाटेनं जाऊन द्यायचं. हे ऊन कणगीतल्या ज्वारीसारखं रात्रीसाठी भरून ठेवता आलं तर? पुढं साखर कारखान्यात बॉयलरवर नोकरी केली, तरी तो प्रश्न मनातून गेला नाही.

उन्हाची अशी एक कणगी स्पेनमध्ये उभी आहे. सेव्हिल प्रांतातल्या त्या वीजकेंद्राचं नाव जेमासोलर. मधोमध १४० मीटर उंच मनोरा, आणि भोवती गोलाकार २,६५० आरसे. एकेक आरसा १२० चौरस मीटरचा, म्हणजे आपल्या गुंठ्याहून मोठा. सूर्य जसा सरकेल तसा प्रत्येक आरसा हळूहळू वळतो आणि आपलं ऊन मनोऱ्याच्या माथ्यावर टाकत राहतो. तिथं नळ्यांमधून मीठ वाहत असतं. खायचं मीठ नव्हे. सोडियम नायट्रेट आणि पोटॅशियम नायट्रेट यांचं वितळलेलं मिश्रण. तासगावचे द्राक्षबागायतदार ठिबकमधून १३:०:४५ हे खत सोडतात ना, ते हेच पोटॅशियम नायट्रेट.

खाली दोन टाक्या आहेत. एकीला ‘थंड’ म्हणतात, पण तिच्यातलं मीठही २९० अंशांवर असतं. तिथून ते वर चढतं, माथ्यावर तापतं आणि ५६५ अंशांवर दुसऱ्या टाकीत उतरतं. वीज हवी झाली की त्या मिठाच्या उष्णतेवर पाण्याची वाफ करायची, वाफेवर टर्बाइन फिरवायचं. इथून पुढचं सगळं आमच्या कारखान्यातलंच. आम्ही बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, जाळून वाफ करायचो, तिथं जाळायला काही लागत नाही, एवढाच फरक. भरलेली टाकी सूर्य मावळल्यावरही १५ तास टर्बाइन चालवू शकते. २०११ च्या उन्हाळ्यात या केंद्रानं पहिल्यांदा सलग २४ तास वीज दिली. हे वाचलं त्या दिवशी मला वडिलांची बॅटरी आठवली.

आपण कोयनेला तरी वेगळं काय करतो? शिवसागर जलाशयात पाणी अडवतो आणि संध्याकाळी विजेची ओढ वाढली की ते टर्बाइनवर सोडतो. तिथं पाणी साठवायचं, इथं उष्णता.

पण हे मीठ फार जपावं लागतं. साधारण २४० अंशांखाली ते गोठायला लागतं, आणि नळीत गोठलं की केंद्र बंद. अमेरिकेतल्या नेव्हाडाच्या वाळवंटात क्रेसेंट ड्यून्स नावाचं ११० मेगावॉटचं केंद्र होतं, १० हजारांवर आरशांचं. २०१६ मध्ये त्याची गरम मिठाची टाकी गळली आणि ते कित्येक महिने बंद पडलं. बॉयलरवर काम केलेल्या माणसाला अशी बातमी वाचून पोटात गोळा येतो.

मग असा मनोरा माण, खटाव किंवा जतच्या माळावर का उभारू नये? माळ आहे, ऊन आहे. मीही हेच म्हणायचो. पण एक गोष्ट नीट पाहा. जून ते सप्टेंबर आपल्याकडं पाऊस फारसा पडत नाही, पण ढग येतात. सह्याद्री ओलांडून येतात आणि बहुतेक वेळा न बरसता पुढं जातात. ढगाळ उजेडात सौर पॅनेल थोडी तरी वीज करतं; आरसा मात्र काहीच करत नाही. त्याला सरळ येणारं ऊनच लागतं. जमिनीवर स्वतःची सावली स्वच्छ दिसत नसेल, तर आरशाला त्या दिवशी सुट्टी, असं समजा. आपल्या दुष्काळी भागाचं दुखणं नुसत्या कोरडेपणाचं नाही, रित्या ढगांचंही आहे. म्हणून एवढा मोठा मनोरा इथं परवडेल असं मला वाटत नाही. दिवसा मोटर चालवायला पॅनेलच बरी, आणि दिवसाच्या लाईटचा हट्ट आपण सोडू नये.

उष्णतेची कल्पना मात्र टाकून देऊ नका. शिर्डीच्या प्रसादालयात आरशांच्या तबकड्यांवर वाफ करून स्वयंपाक होतो. आता सांगलीची हळद घ्या. काढणी झाली की ती शिजवावी लागते, आणि त्यासाठी माणसं पहाटेपासून भट्टीत सरपण, पाचट घालत धुरात उभी असतात. हळदीला ५६५ अंश नकोत, उकळत्या पाण्याची वाफ पुरते. आणि शिजवणीचे दिवस कोणते? फेब्रुवारी, मार्च. आभाळ निरभ्र असतं आणि सावली काळी कुळकुळीत पडते. चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून अशा तबकड्या बसवल्या तर भट्टीपुढचा धूर कमी होईल. कुणी हे करायला घेणार असेल तर बॉयलरचा व्हॉल्व्ह आणि दाबाचा काटा बघायला मी येईन. वाफ कशीही करा, तिच्याशी खेळ नको.

नमस्कार.