गोरिला दहा मीटरवर: ब्विंडीच्या जंगलात जाण्याआधी

नमस्कार मंडळी. गोरिला पाहायला जायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘तो अंगावर आला तर?’ त्याकडे येऊच. पण युगांडातल्या ब्विंडीच्या जंगलात पर्यटक जखमी होतो तो बहुतेक वेळा पाय घसरून, आणि आजारी पडण्याचा मोठा धोका आपल्यापेक्षा गोरिलाला असतो. तिथले नियम आपल्या जिवापेक्षाही त्याच्या फुप्फुसांसाठी केलेले आहेत. हे ध्यानात ठेवलं की त्यातला एकही नियम जाचक वाटत नाही.

२०१९ साली जाहीर झालेल्या मोजणीनुसार जगात डोंगराळ गोरिला होते १०६३. त्यातले ४५९ ब्विंडी आणि त्याला लागून असलेल्या काँगोतल्या सारंबवेच्या जंगलात आणि बाकीचे विरुंगा पर्वतरांगेत. आपल्याला होणारे श्वसनाचे आजार त्यांनाही होतात, आणि त्यातल्या बऱ्याच विषाणूंशी त्यांच्या शरीराची आधी गाठ पडलेली नसते. २००९ मध्ये रवांडातल्या हिरवा नावाच्या कळपात माणसांमध्ये आढळणाऱ्या मेटान्यूमोव्हायरसची साथ आली आणि दोन गोरिला दगावले. आपल्याला यातून साधी सर्दी होते. म्हणून एका कळपाला दिवसाला फक्त आठ पर्यटक, तेही तासभर. अंतर दहा मीटर. पूर्वी ते सात होतं, कोविडनंतर वाढवलं. मास्क सक्तीचा, वय किमान १५.

आता गोरिला पाहण्याच्या परवान्याचे ८०० डॉलर भरलेले असताना सकाळी घसा खवखवतोय हे कोण सांगणार? लोक लपवतात, गोळी घेऊन जातात. गाईडच्या लक्षात आलं तर तो परत पाठवतो, आणि नाही आलं तर आणखी वाईट. यावर उपाय आधीच करायचा. आजारपणात परतावा किती मिळतो, हे आयोजकाकडून लेखी घ्या. विमानात मास्क लावा; सर्दी बहुधा तिथेच लागते आणि एक ते तीन दिवसांत डोकं वर काढते. म्हणून उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रेक ठेवू नका. मध्ये दोन-तीन दिवस गेले की आपण आजारी आहोत की नाही, ते आपल्यालाच कळतं.

लसीचंही सांगतो. युगांडात शिरताना पिवळ्या तापाच्या लसीचा दाखला लागतो, आणि भारतात परतताना तो नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात बसावं लागू शकतं. लस सरकारमान्य केंद्रावरच मिळते, दाखला दहा दिवसांनी लागू होतो, मग आयुष्यभर चालतो. ही जिवंत विषाणूची लस आहे. साठी ओलांडलेल्यांनी, अंड्याची ॲलर्जी किंवा प्रतिकारशक्तीचा आजार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारा. डॉक्सिसायक्लिन दिली तर ती परतल्यावरही चार आठवडे चालू ठेवायची असते. घरी आलो म्हणून लोक बंद करतात, तिथे फसतात.

परवान्यावर जंगलाचा विभाग लिहिलेला असतो: बुहोमा, रुहिजा, रुशागा किंवा नकुरिंगो. नकाशावर हे शेजारी दिसतात, पण डोंगरातल्या कच्च्या रस्त्याने एकाकडून दुसऱ्याकडे जायला काही तास लागतात. सकाळी साडेसात-आठला माहितीसत्र सुरू होतं. मुक्काम एका विभागात आणि परवाना दुसऱ्याचा, अशी चूक स्वस्त हॉटेलच्या नादात होते. खोली घेण्याआधी परवाना बघा.

सत्रातच गट पाडतात. काही कळप तासाभराच्या चालीवर असतात, काही सहा-सात तासांच्या. माग काढणारे लोक आदल्या दिवशी कळप जिथे झोपला तिथून पहाटे शोध सुरू करतात. पण गोरिला खात खात पुढे सरकत राहतात, त्यामुळे खात्री कुणालाच नसते. गुडघा दुखत असेल तर इथेच सांगा. आपल्या सह्याद्रीवाल्यांना हे जड जातं, ‘हरिश्चंद्रगड केलाय हो’ असं उत्तर तयार असतं. उंचीने घाबरायचं कारण नाही. ब्विंडी ११६० ते २६०७ मीटरच्या दरम्यान आहे, आणि कळसूबाईच १६४६ मीटर. पण इथे वाट नसते. पुढचा माणूस कोयत्याने झाडोरा तोडत जातो, पायाखाली जमिनीऐवजी वेलींची ओली जाळी असते आणि पाय त्यातून आत जातो. घसाऱ्यावर कारवी धरून चढायची आपली सवय इथे घातक. हाताला येईल ते धरलं तर काटे किंवा अंगाची आग करणारी नेटल नावाची वनस्पती हाती लागते. म्हणून बागकामाचे जाड हातमोजे, लांब बाह्या, जाड पँट. पँट मोज्यांत खोचलेली हवी, कारण सफारी मुंग्यांच्या रांगेत पाय पडला की त्या आतून वर चढतात आणि चावा सोडत नाहीत. घोट्यापर्यंतचे, आधी घालून मुरवलेले बूट, रेनकोट, दोन लिटर पाणी, डबा. पोर्टर घ्याच. तो सॅक वाहतो आणि चिखलात हात देऊन ओढतो, आणि त्या पैशातून गावाला जंगल टिकवण्याचं कारण मिळतं. अगदी चालवलंच नाही तर पालखीसारख्या खुर्चीतून नेतात. तिला तिथले लोक गमतीने ‘हेलिकॉप्टर’ म्हणतात.

कळप जवळ आला की गाईड थांबवतो. सॅक, काठ्या आणि खाणं पोर्टरपाशी ठेवायचं. मास्क चढवायचा, फ्लॅश बंद करायचा आणि फोकससाठी लागणारा कॅमेऱ्याचा छोटा दिवाही. खोकला आला तर तोंड फिरवून कोपरात. थुंकायचं नाही, तंबाखूवाल्यांनी पुडी हॉटेलातच ठेवावी. शौचाला लागलं तर गाईडला सांगा. तो ३० सेंटिमीटर खड्डा खणून देतो आणि नंतर तो बुजवायचा असतो.

आता तो पहिला प्रश्न. सिल्व्हरबॅक, म्हणजे कळपाचा पाठीवर रुपेरी केस असलेला प्रमुख नर, वजनाला दीडशे किलोच्या पुढे भरतो. तो धावून आला तर ती बहुधा हूल असते. पळायचं नाही, ओरडायचं नाही. जागच्या जागी खाली बसा, नजर जमिनीकडे ठेवा, गाईड सांगेल तेवढंच करा. पाठ दाखवून पळणाऱ्याचा पाठलाग होतो. तुटक, खोकल्यासारखा गुरगुराट म्हणजे नाराजी, तर खोल, लांबवलेला घशातला हुंकार म्हणजे सगळं ठीक. गाईड तोच हुंकार काढून त्यांना उत्तर देतो.

अवघड प्रसंग वेगळाच असतो. पिल्लू कुतूहलाने तुमच्याकडे येतं आणि बूट ओढतं. तेव्हा हात पुढे करायचा नाही, सेल्फीसाठी पाठ फिरवायची नाही. गाईडच्या इशाऱ्याने सावकाश मागे सरायचं. मागे बघून, कारण कॅमेऱ्याला डोळा लावून मागे जाणारा उतारावरून गडगडतो. पर्यटकांनी इन्स्टाग्रामवर टाकलेले गोरिलांसोबतचे ८५८ फोटो एका अभ्यासात तपासले, तर ८६ टक्के फोटोंत अंतर चार मीटरच्या आत होतं. दोष गाईडवर ढकलणं सोपं आहे, पण ‘अजून थोडं पुढे जाऊ दे’ म्हणत बक्षिसीचं आमिष आपणच दाखवतो. ते बंद करा.

विम्यात हवाई रुग्णवाहिकेचा खर्च स्पष्ट लिहिलेला असावा. बुहोमात रुग्णालय आहे, पण मोठ्या शस्त्रक्रियेसाठी कंपाला गाठावं लागेल आणि रस्त्याने त्याला आठ-दहा तास लागतात. आणि घरी आल्यावर पुढच्या तीन महिन्यांत ताप आला तर ‘व्हायरल असेल’ म्हणून थांबू नका. त्याच दिवशी मलेरियाची रक्ततपासणी करा आणि डॉक्टरांना युगांडाचं नाव सांगा.